जेरीच्या खोलीतला दुसरा माणूस

“…चेटनं स्वतः ऐकलंय. जेरी पडल्यावर त्या खोलीत दुसरं कुणीतरी होतं, आणि टेपवर त्याचा—”

एवढंच व्हर्नच्या कानावर पडलं. त्याला पाहताच दोघा म्हाताऱ्यांनी तोंडं मिटली. एक दुसऱ्याला म्हणाला, “सॉस सरकव रे इकडे.”

बसा पोरांनो, जवळ बसा. दिवा तेवढाच राहू दे. व्हर्न हुडाक आमच्या समोरच राहायचा, त्यामुळे हे मला बऱ्यापैकी ठाऊक आहे. २०२३ सालचा तीन मार्च, ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार, म्हणजे मांस वर्ज्य, मासे चालतात. चर्चच्या हॉलात नेहमीसारखी तळलेल्या माशांची पंगत होती. व्हर्न जेवण बांधून घ्यायला गेला होता, आणि डेनिस पाल्कोकडून एक टेप घ्यायला.

व्हर्न टेलिफोनच्या तारांवर काम करायचा. निवृत्त झाल्यावर त्यानं तळघरात जुन्या टेपा जमवल्या. आमच्या सरोवराकाठच्या सगळ्या छोट्या रेडिओ स्टेशनांवर रॉक अँड रोल वाजवणारी, रात्रभर बडबडणारी जी माणसं होती ना, त्यांच्या. तेव्हा स्टेशनात एक यंत्र असे. बोलणाऱ्यानं माइक उघडला की टेप फिरायची, मिटला की थांबायची. म्हणून त्या टेपांवर गाणी नसतात. नुसता माणूस असतो.

जेरी पाल्को त्यातलाच. १९६३च्या जानेवारीत, रात्री एकच्या सुमाराला, स्टेशनातच हृदय बंद पडून गेला. डेनिस तेव्हा पाच महिन्यांची. व्हर्न जन्मला त्यानंतर दोन वर्षांनी. पण गावानं जेरीला नीट मरूही दिलं नाही. जेरीला पोरींची पत्रं यायची, त्यावरून घरात भांडणं व्हायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावरून कुणीतरी उठवलं की त्या रात्री त्याची बायको अर्मा तिथंच उभी होती. तो तडफडत होता आणि तिनं फोन उचलला नाही. चर्चच्या विक्रीत अर्माचा अक्रोडाचा रोल तसाच उरायचा. ती मुकाट्यानं घरी न्यायची. बाई गेली तेव्हा तिच्या मातीला अकरा माणसं होती. मी मोजली.

स्टेशनचा जुना इंजिनिअर चेट वारला, त्याच्या कपाटातून ती शेवटची टेप निघाली. चेटच्या सुनेनं ती डेनिसला दिली. डेनिसनं ती हॉलच्या दारात व्हर्नच्या हातात ठेवली.

“मी बापाचा आवाज कधी ऐकलेला नाही,” ती म्हणाली. “आणि आई तिथं होती का, तेही यात असेल. जे असेल ते आधी माझ्या कानावर पडू दे, व्हर्न. गावाच्या नाही, तुझ्याही नाही.”

व्हर्ननं वचन दिलं. टेप जीर्ण होती, भुकटी झडत होती, एकदाच चालली असती. आवाज पूर्ण बंद ठेवून, तारेनं थेट कॉम्प्युटरवर नक्कल करायची आणि रविवारी दोघांनी मिळून ऐकायची, असं ठरलं.

पण त्या म्हाताऱ्यांचं अर्धं वाक्य त्याच्या डोक्यातून जाईना. टेपवर अर्माच निघाली तर? साठीच्या लेकीला ते ऐकवायचं? आधी ऐकू, तसलं काही असलं तर गुपचूप कापू, असं त्यानं मनाशी ठरवलं. वाईट हेतू नव्हता हो त्याचा.

रात्री एकला दहा कमी असताना तो तळघरात उतरला. टेप लावली, कॉम्प्युटरवर नक्कल सुरू केली. हेडफोन कानाला लावले.

“जागे आहात का रे घुबडांनो?” जेरी म्हणाला. आवाज असा की समोर बसलाय. “बारा बावन्न झालेत. बाहेर नऊ अंश. माझ्या घरी एक पाच महिन्यांची बाई आहे, तिलाही झोप नाही. तिची आई तिला खिडकीशी घेऊन बसलीय, रेडिओ लावून. अर्मा, बाई, झोपव तिला आता…”

म्हणजे अर्मा घरी होती. व्हर्नला हायसं वाटलं. तिथंच थांबला असता तर…

मग जेरी मध्येच थांबला. खुर्ची पडली.

माइक उघडाच राहिला होता. टेप फिरत होती.

नुसती खरखर.

मग… श्वास.

जेरीचा नव्हे. जेरी खाली पडला होता. हा माइकच्या अगदी जवळ.

व्हर्ननं हेडफोन काढले. मागं पाहिलं. जिना. बॉयलर. कुणी नाही.

पुन्हा लावले.

श्वास आता जोरात चालला होता. भराभर. घाबरलेल्या माणसासारखा.

टेप संपेपर्यंत तो तसाच चालला होता. व्हर्न तसाच बसून राहिला. पहाटे चारपर्यंत त्याच्या तळघरातला दिवा जळत होता. माझ्या स्वयंपाकघरातून दिसतो.

त्यानं कापलं मात्र काही नाही. तो श्वास बाईचा नव्हता, म्हणजे ते अर्माच्या बाजूचं होतं.

रविवारी दुपारी डेनिस आली. पहिलं तिनं हेच विचारलं की तू ऐकलं नाहीस ना.

“नाही,” व्हर्न म्हणाला.

कॉम्प्युटरवरची नक्कल सुरू केली. बापाचा आवाज आला आणि डेनिसनं तोंडावर हात धरला. अर्माचं नाव आलं तेव्हा ती हसत होती आणि रडत होती. खुर्ची पडली. खरखर. श्वास. ती पुढं वाकून ऐकत राहिली.

“पुरुष आहे हा,” ती म्हणाली. “श्वासाच्या शेवटी शिट्टी वाजतेय, ऐक. आई नाही. आई घरी होती.”

मग तिनं खोकं उचललं. चेटला सगळं लिहून ठेवायची खोड, तेव्हा काहीतरी असेलच म्हणून तिनं आतला कागद उलगडला. पेन्सिलीचं अक्षर, जानेवारी १९६३. तिनं मोठ्यानं वाचलं: “जेरी पडल्यानंतर खोलीत एक पुरुष. श्वासाला शिट्टी. फार घाबरलेला. दार आतून बंद होतं.”

“गावाचं अर्धं खरं होतं तर,” ती म्हणाली. “होतं कुणीतरी. पण इतका कशाला घाबरला असेल रे तो?”

व्हर्ननं खुर्ची मागं सरकवली.

डेनिसनं हात लांब करून कॉम्प्युटर बंद केला.

शिट्टी चालूच राहिली, व्हर्नच्या श्वासात.