पंपाचा वेग

चाकणच्या एका नव्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारी स्वरूपा घरूनच काम करायची. गाडीच्या दाराचा पत्रा साच्यात दाबला तर कुठे फाटेल, याचं गणित तिचा कॉम्प्युटर मांडायचा. हे गणित तीन दिवस चाललं होतं, आणि आज संध्याकाळी कंपनीला उत्तर पोचलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. कॉम्प्युटरचं मशीन तापू नये म्हणून आत छोट्या पंपानं नळ्यांतून पाणी खेळवलेलं. वेग तिनंच लावून दिला होता: पाणी तापलं की पंखे आणि पंप जोरात, निवलं की हळू.

एप्रिलची दुपार. खोलीत अडतीस अंश. सोसायटीला लागून असलेल्या जुन्या घरातल्या गवराबाई ताकाचा तांब्या घेऊन आल्या, तेव्हा स्वरूपा स्क्रीनकडे टक लावून बसली होती. मशीनचं पाणी एकोणीस अंशांवर उतरलं होतं.

"नुसत्या पंख्यांनी पाणी खोलीपेक्षा गार होऊच शकत नाही, आजी."

पाणी गार म्हणून पंप मंदावत गेला. त्याची घरघर विरली, आणि मशीनमधलं पाणी साठवणाऱ्या काचेच्या छोट्या टाकीतून आवाज आला. टण्... टण्... खोल कुठेतरी पहार दगडावर बसत होती. खोलीभर ओल्या गाळाचा वास पसरला.

गवराबाईंच्या हातातला तांब्या कलंडला.

"इथं आमची इहीर व्हती, पोरी... आमचं मालक गाळ काढाया उतरलं व्हतं. वर मोटार पाणी उपसत व्हती. लाइट गेली... पाणी चढलं..." त्यांनी टाकीकडे बोट केलं. "त्यांचीच पहार हाय ती. पंप बंद पडू देऊ नगं."

स्वरूपा कीबोर्डकडे वळली. तिनं पंपाचा वेग शंभरावर नेला. आकडा आपोआप साठावर आला. पुन्हा शंभर. चाळीस. टाकीतलं पाणी झाकणाला टेकलं. मग तिनं मशीन उघडलं आणि पंपाला हुकूम पोचवणारी बारीक तार उपटली. हुकूम तुटला की पंप आपोआप पूर्ण वेगानं फिरतो. पंप घुमू लागला, पाणी बोटभर उतरलं.

तेवढ्यात लाइट गेली.

इन्व्हर्टर किंचाळायला लागला. एवढा भार तो दहा मिनिटंही ओढणार नव्हता. गणित थांबवलं तर पंप तासभर चालला असता, पण तीन दिवसांची मेहनत पाण्यात.

"आजी, वर यायला किती वेळ लागतो?"

"पायऱ्या न्हाईत... दोर धरून यायचं. लई खोल हाय."

स्वरूपानं गणित बंद केलं. छताचा पंखा, फ्रीज, सगळं बंद केलं आणि टाकीवर तळहात ठेवून बसली. पहारेचा आवाज थांबला. मग दोर घासल्यासारखं काहीतरी... वर, आणखी वर.

"या... सावकाश या..." गवराबाई पुटपुटत होत्या.

चाळीस मिनिटांनी लाइट आली. पाणी अडतीस अंशांवर होतं. वास गेला होता. कामही गेलं होतं, पण स्वरूपाला त्याचं काही वाटेना. गवराबाई डोळे पुसत घरी गेल्या.

थोड्याच वेळात त्यांचा फोन आला. आवाज अगदी दबका.

"पोरी... अंगणातनं घरात ओली पावलं गेल्यात."

"म्हणजे आले ना, आजी?"

"आलं... पण तवा इहिरीत ते एकलेच उतरलं व्हतं... पावलं दोघांची हायत."