नोंद नसलेली हाक

मेलेल्या माणसाने लिहिलेला प्रोग्राम हाती आला, की आधी त्या माणसाला पोटभर शिव्या घालायच्या, ही कॉम्प्युटरवाल्यांची रीतच आहे. ताईनेही घातल्या. ऑफिसात लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत, आणि शिव्यांच्या बाबतीत ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण हळूहळू तिचा आवाज खाली आला. मग तर स्क्रीनपुढे बसून ती मान डोलवत स्वतःशीच म्हणायला लागली, "काय माणूस होता गं बाई हा!"

तो माणूस म्हणजे मास्तर. बंदराजवळच्या हॉस्पिटलात एक प्रेशर चेंबर होतं. लोखंडाचं लांबट पिंप, एक माणूस आडवा मावेल एवढं, डोक्याच्या बाजूला जाड काच. खोल पाण्यात काम करणारा पाणबुड्या घाईने वर आला, की त्याच्या रक्तात हवेचे बुडबुडे धरतात. अशा माणसाला या पिंपात निजवायचं, आतला दाब वाढवायचा आणि मग टप्प्याटप्प्याने, अगदी सावकाश उतरवायचा. हे सगळं सांभाळणारा प्रोग्राम मास्तरांचा. मास्तरांना जाऊन वर्षं लोटली होती. त्यांनी लिहिलेलं मूळ लिखाण कुठेच उरलं नव्हतं. उरला होता तो नुसता चालता प्रोग्राम, आणि तो ज्या कॉम्प्युटरवर चालायचा त्याचीही घटका भरत आली होती.

ताईचं काम होतं तोच प्रोग्राम, जसाच्या तसा, नव्या कॉम्प्युटरवर चालवायचा. नव्या प्रोसेसरची भाषा वेगळी होती, त्यासाठी फक्त प्रोग्रामपुरता एक दुभाष्या तिने आधीच बसवला होता. आता बघा, प्रोग्राम स्वतः कशालाच हात लावू शकत नाही. झडप उघडायची असो की वेळ विचारायची असो, त्याने कॉम्प्युटरच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, हाक मारायची. प्रत्येक हाकेचा क्रमांक ठरलेला. नव्या कर्नेलमध्ये हाक मारायची जागाही वेगळी आणि क्रमांकही वेगळे. म्हणून ताईने नव्या कर्नेलला जुन्यासारखंच एक दार बसवलं. जुनी हाक आली की ओळखायची, काम नव्या पद्धतीने करून घ्यायचं आणि उत्तर मात्र जुन्या वळणाचं द्यायचं. आईची नजर गेली तेव्हा नव्या घरातही ताईने डबे असेच जुन्या क्रमाने मांडले होते, साखरेच्या जागी साखर, मिठाच्या जागी मीठ. ओट्याशी उभं राहिल्यावर तरी आईला घर बदलल्याचं कधी जाणवलं नाही.

एका हाकेने मात्र तिला छळ छळ छळलं. तो क्रमांक कुठल्याच पुस्तकात नव्हता. मास्तरांनी तो आपल्या कर्नेलमध्ये स्वतःच घातला असणार. दाब उतरवण्याच्या प्रत्येक टप्प्याआधी प्रोग्राम ती हाक मारायचा, आणि लगेच उत्तर यायचं, शून्य. शून्य म्हणजे 'ठीक आहे, पुढे चल.' ताईने जुन्या मशीनवर, आत रोगी असताना, कितीदा तरी पाहिलं, दर वेळी शून्यच. शेवटी वैतागून तिने आपल्या दारात दोन ओळी लिहिल्या, की ही हाक आली की काही न बघता शून्य द्यायचं. नोंद नसलेल्या हाकांना धंद्यात सगळे असंच गप्प करतात, त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. चेंबरमधून एक बारीक तार जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे जात होती. तिचाही कुठे उल्लेख नव्हता, नव्या कॉम्प्युटरला तिच्यासाठी भोकही नव्हतं. पुढे बसवताना ताईने ती गुंडाळून खिळ्याला अडकवली.

नवा कॉम्प्युटर बसवायला ती दुपारी गेली, तेव्हा चेंबरच्या खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास कोंदला होता.

"गेला बिचारा सकाळीच," डॉक्टरबाई म्हणाल्या. केस पांढरे झालेल्या, मास्तरांबरोबर काम केलेल्या बाई. "धूर निघाला नि संपला. तुझा नवा वेळेवर आला म्हणायचं."

रिकाम्या चेंबरवर प्रोग्राम छान चालला. ताई पिशवी आवरत होती, एवढ्यात स्ट्रेचरची चाकं वाजली. त्यावर तिचा धाकटा भाऊ होता. धक्क्याखालचे खांब दुरुस्त करायचं काम करायचा तो. हवेची नळी अडकली म्हणून जिवाच्या आकांताने वर आला होता, आणि कमरेखालचं त्याला काही कळत नव्हतं. ओठ निळसर पडले होते, पण ताईला पाहून हसला.

"पहिलं गिऱ्हाईक घरचंच की गं," तो म्हणाला. "उधारी चालेल ना?"

"गप्प पड, मेल्या!" ताई म्हणाली आणि तिचा आवाज फुटला.

डॉक्टरबाईंनी तिला बाजूला घेतलं. दुसरं चेंबर फार लांब होतं. तिथे पोचेपर्यंत पाय गेलेच असते, कदाचित जीवही. "तुझ्या कामाची खात्री आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे," ताई म्हणाली.

चेंबरचं दार आवळलं. हवा आत शिरण्याचा आवाज हळूहळू खोलीभर झाला. रबराचा आणि स्पिरिटचा वास, भिंतीच्या गार फरशा आणि स्क्रीनवर एकामागून एक उमटणाऱ्या ओळी, हाक, उत्तर, हाक, उत्तर. भावाचा चेहरा काचेपलीकडे दिसत होता आणि तरीही ताईला त्या प्रोग्रामचं कौतुक वाटल्यावाचून राहवेना. मास्तर झडप कधी एकदम बंद करत नसत. आधी थोडी आवळायची, क्षणभर थांबायचं, मग मिटायची, म्हणजे आतल्याच्या कानाला दडा बसू नये. न पाहिलेल्या रोग्याच्या कानाचीही ज्याने काळजी केली, त्याच्या हातात आपला भाऊ आहे, असं तिला वाटलं आणि जरा धीर आला.

दाब उतरवायला सुरुवात झाली. पहिले टप्पे सुरळीत गेले. मग कोपऱ्यातला फोन वाजला आणि डॉक्टरबाई तो घ्यायला वळल्या. पुढच्या टप्प्याची वेळ झाली. स्क्रीनवर ती नोंद नसलेली हाक उमटली.

उत्तर आलं नाही.

ताई बघत राहिली. ते कसं शक्य होतं? त्या दोन ओळींत थांबायला जागाच नव्हती. हाक आत गेली होती आणि आतून बाहेर येत नव्हती. हवेचा आवाज थांबला होता, झडप मिटलेली. खोली इतकी शांत झाली, की तिला स्वतःचं रक्त कानात ऐकू यायला लागलं.

"अडकलं…" ती पुटपुटली. "देवा, माझंच काहीतरी चुकलं…" तिने कीबोर्डवर हात नेला. प्रोग्राम ढकलून पुढे न्यायचा, एवढंच तिला सुचत होतं. बोट कळीवर टेकलंही होतं.

"हात लावू नकोस!" डॉक्टरबाई किंचाळल्या. फोन तसाच लोंबकळत होता. "आत बघ… आत बघ आधी."

आत धाकटा धनुष्यासारखा ताठला होता. दातखीळ बसलेली, डोळे पांढरे, छाती थिजलेली. दाबाखालचा प्राणवायू कधी कधी असा चढतो आणि आकडी येते. आकडीत श्वासाची वाट बंद होते, हवा छातीत कोंडते. त्या वेळी बाहेरचा दाब उतरवला, तर कोंडलेली हवा फुगते आणि फुप्फुस फाटतं.

दोघी काचेला चिकटून उभ्या राहिल्या. मग धाकट्याचं अंग सैल पडलं, तोंडातून फेस आला आणि छाती वर आली… खाली गेली… पुन्हा वर आली. पाठीमागे झडप हलकेच करकरली. ताईने वळून पाहिलं. स्क्रीनवर उत्तर आलं होतं. शून्य.

संध्याकाळी धाकट्याने पायाची बोटं हलवली तेव्हा ताई भिंतीला टेकून लहान मुलीसारखी रडली. डॉक्टरबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मास्तरांचा हट्टच होता तो. आतल्याचा श्वास ऐकल्याशिवाय दाब उतरवायचा नाही. जुनं मशीनही कधीमधी असंच थांबायचं. तूही ते ठेवलंस, बरं केलंस हो."

"श्वास… कशाने ऐकायचा?"

"माइक आहे ना आत. त्याची तार कॉम्प्युटरला जाते."

ताईने खिळ्याकडे पाहिलं. तार गुंडाळलेली होती तशीच लोंबत होती. तिचं टोक कशालाच लागलेलं नव्हतं. डॉक्टरबाईंनीही पाहिलं, आणि त्यांचा हात ताईच्या पाठीवरच थांबला.

कॉम्प्युटर बंद करण्याआधी ताईने एक केलं. कर्नेल मेमरीत जसा चालू होता तसा उघडून पाहिला. तिच्या दोन ओळी असायला हव्यात तिथे त्या नव्हत्या. तिथे दुसरंच काही होतं, जुन्या प्रोसेसरच्या सूचनांमध्ये लिहिलेलं. नव्या प्रोसेसरला त्यातलं अक्षर कळायचं नाही, पहिल्याच सूचनेला त्याने मान टाकायला हवी होती. ताईच्या अंगावर काटा आला, पण डोळे हलेनात. काय लिखाण होतं! एक सूचना जास्त नाही, एक कमी नाही. ऐक, श्वास मोज, घाईचा असेल तर थांब, नीट लागला तरच पुढे सोड. ती वाचत गेली आणि मान डोलवत गेली, आणि भीतीतही तिच्या तोंडून "वा" निघून गेलं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला तेव्हा तिथे मुकाट्याने तिच्याच दोन ओळी होत्या.

त्या ओळी तिने खोडल्या. वाचताना उतरवून घेतलेलं सगळं नव्या प्रोसेसरच्या भाषेत लिहून काढलं आणि नव्या कॉम्प्युटरला भोक करवून तार नीट जोडून दिली. एकच सूचना तिला उलगडली नाही. तारेतून आवाजच येत नसेल, तर प्रोग्रामने मेमरीतल्या एका पत्त्यावर जायचं होतं. त्या पत्त्यावर काही नव्हतं. तिथे गेलेलं काहीही कोसळायलाच हवं. दुसरी कुणी असती तर काढून टाकलं असतं. ताईने ते तसंच ठेवलं, मास्तरांचा शब्द खोडायची तिची प्राज्ञा नव्हती.

पण कळायला तर हवं. पुन्हा कुणाचा तरी भाऊ त्या पिंपात निजणार होता. म्हणून एका रविवारी सकाळी तिने डॉक्टरबाईंना तार काढून ठेवायला सांगितलं.

"काढली," त्या फोनवर म्हणाल्या. "चेंबर रिकामं आहे, खोलीला कुलूप घातलंय. चावी माझ्या हातात."

शहराच्या या टोकाला, आपल्या जेवणाच्या टेबलाशी बसून ताईने लॅपटॉपवरून हॉस्पिटलातला प्रोग्राम सुरू केला. घरात कुणी नव्हतं. खिडकीतून ऊन आत आलं होतं. हाक उमटली. तार नाही, म्हणून प्रोग्राम त्या पत्त्यावर गेला. कोसळला नाही. नुसता थांबून राहिला.

ताई टक लावून बघत होती. बघता बघता तिची छाती दुखायला लागली, तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण श्वासच घेतलेला नाही. तिने तो सोडला.

शून्य.

"योगायोग," ती मोठ्याने म्हणाली. पुढच्या टप्प्याची हाक उमटली. या वेळी तिने मुद्दाम श्वास कोंडला. हाक थांबली. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली तरी थांबलेलीच. तिने तोंड उघडून हवा घेतली.

शून्य.

मग मात्र ती घाबरली. श्वास उथळ आणि भराभर सुरू झाला. तिसरी हाक उमटली आणि उत्तर येईना. ती धापा टाकत होती तरी येईना. मध्ये अख्खं शहर होतं, कुलूप होतं, आणि खिळ्यावर लोंबणारी तार होती. तरी तिकडे कुणीतरी तिच्यासाठी थांबलं होतं, अजिबात घाई न करता.

"मास्तर…?" ताई हळूच म्हणाली.

काहीच झालं नाही. तिने खुर्चीला पाठ टेकली, डोळे मिटले आणि एक लांब, सावकाश श्वास घेतला.

शून्य.