‘न’पर्यंतची फ्लॉपी

भोरच्या शाळेत संगणकाच्या वाटचालीचं प्रदर्शन होतं आणि वैदेही मॅडमनी आठ दिवस जिवाचं रान केलं होतं. टेबलावर ओळीनं मांडामांड झाली. भोकं पाडलेली कार्डं, फ्लॉपीवर चालणारा जुना संगणक, थोराड पडद्याचा त्याचा धाकटा भाऊ, लॅपटॉप आणि शेवटी या सगळ्यांना पोटात घालून बसलेला मोबाईल. खरी धाकधूक होती ती फ्लॉपीवाल्या जुन्या यंत्राची. ते शाळेत आलं तेव्हा वैदेही आठवीत होती, आणि चपला बाहेर काढल्याशिवाय संगणक शिकवणारे आनंदराव सर कुणाला खोलीत घेत नसत.

त्या यंत्राला इंग्रजीशिवाय काही कळत नव्हतं. सरांनी त्याला मराठी शिकवायचं मनावर घेतलं. आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं एकेक चौकोन भरून अक्षर काढायचं, ते यंत्रात घालायचं आणि कागद फाडून टाकायचा. वर्षभरात सगळी मुळाक्षरं झाली. मग खंडेनवमी आली आणि वैदेहीनं यंत्राबरोबर फ्लॉपीचीही पूजा केली. भक्ती जरा जास्तच झाली. कुंकू फ्लॉपीच्या खाचेतून आत गेलं आणि वर्षाची मेहनत मातीत गेली.

सर एका शब्दानं रागावले नाहीत. नव्या फ्लॉपीवर पुन्हा ‘क’पासून बसले, ‘न’पर्यंत पोचले आणि त्याच आठवड्यात वारले.

पुढं यंत्रही बंद पडलं आणि गावानं ठरवून टाकलं, आनंदरावांचं मराठी म्हणजे बोलाचीच कढी. वैदेहीला ते फार लागायचं, कारण पुरावा तिनंच बुडवला होता. संगणकाच्या खोलीला सरांचं नाव द्या, असं ती वर्षानुवर्षं मागत होती. संस्थेच्या इंद्रजितरावांनी शेवटी सांगितलं, ते बंद यंत्र दुरुस्त करून सगळ्यांसमोर चालवून दाखवा, पाटी मी स्वतः ठोकतो.

सकाळी अकराला खोली भरली. सरांच्या पत्नी कुंदाकाकू उत्रोलीहून एसटीनं आल्या होत्या, त्यांना पुढची खुर्ची दिली. हात दाखवून अवलक्षण तर होणार नाही ना, अशी वैदेहीला भीती होती. तिनं सरांची फ्लॉपी आत सरकवली.

यंत्र करकरलं. हिरव्या पडद्यावर ‘क’ आला. मग ख, ग, घ, थेट ‘न’पर्यंत. टाळ्या पडल्या. वैदेहीला रडू आवरेना.

तेवढ्यात ‘न’च्या पुढं एक चौकोन उमटला.

मग दुसरा. आधीची अक्षरं झरझर आली होती. हे सावकाश, एकेक चौकोन भरत येत होतं. ‘प’ झाला. लोकांना वाटलं, मॅडमनी मुद्दाम राखून ठेवलेली गंमत. मॅडमनी कळफलकाला हातही लावला नव्हता.

‘भ’ अर्धा झाला आणि त्यातले तीन चौकोन पुसले गेले. पुन्हा भरले गेले.

“‘भ’ला त्यांचं आसंच व्हायचं,” कुंदाकाकू म्हणाल्या. “लई खोडायचे.”

वैदेही पडद्यापासून एक पाऊल मागं सरली. पण पडद्यावर य आला, र आला, आणि भीतीपेक्षा आनंद मोठा झाला. पाऊण तास कुणी जागचं हललं नाही. ‘ज्ञ’ पुरा झाला तेव्हा पहिली टाळी इंद्रजितरावांचीच होती. त्यांनी तिथल्या तिथं हातोडी मागवली आणि पाटी ठोकली. आनंदराव सरांचं नाव दारावर लागलं. गावानं तोंडात बोटं घातली. एवढ्या वर्षांचं ओझं उतरलं, असं वैदेही खुशाल मोठ्यानं म्हणाली.

मंडळी मसालेभाताला गेली. खोलीत वैदेही आणि कुंदाकाकू दोघीच राहिल्या. फ्लॉपी कपाटात जपून ठेवावी म्हणून वैदेहीनं ती बाहेर काढली.

रिकाम्या खाचेजवळचा दिवा लागलेलाच होता.

पडद्यावर ‘ज्ञ’च्या पुढं चौकोन भरायला लागले.

वैदेही बघत राहिली. अक्षर पुरं झालं. मुळाक्षरं संपली होती, आणि हे अक्षर तिनं कुठल्याच लिपीत कधी पाहिलं नव्हतं.

कुंदाकाकूंनी मात्र ते एका नजरेत वाचलं. पदर सारखा केला, पिशवी उचलली आणि पडद्याकडं बघून हळूच म्हणाल्या, “व्हय, आलेच.”