उशी तेवढी नको

“गादी द्या सासूबाई, आणि मोकळ्या व्हा. उशी तेवढी नको. ती जाळून टाका.”

“जाळू? दोन्ही मीच भरल्यात, एकाच झाडाच्या दाढीनं. गादी चालते आणि उशी चालत नाही होय रे?”

एव्हारिस्त पायरीवरच उभा होता. अंगात नवा शर्ट. शनिवारी त्याचं दुसरं लग्न, आणि त्याची पहिली बायको, झुल्माची लेक ओदाली, जाऊन अजून वर्ष उलटलं नव्हतं.

लुइझियानाच्या त्या दलदलीत ओकच्या फांदीफांदीवरून राखाडी दाढी लोंबते, धाग्यांच्या झुपक्यांसारखी एक वनस्पती. तिला मूळ नाही, माती नाही. नुसत्या हवेवर जगते. झुल्मानं जन्मभर तीच काढली. ढीग घालून कुजवायची, वरची साल गळून घोड्याच्या केसासारखा काळा दोरा उरला की वाळवून गादीत भरायची. एकदा काळी पडलेली दाढी पुन्हा जीव धरत नाही. लेकीला आंदण म्हणून तिनं गादी-उशी दिली होती आणि लेक गेल्यावर रीतीप्रमाणे दोन्ही धुवायला परत आणल्या होत्या. गादी धुऊन, भरून झाली. उशी उसवायला मात्र हात धजला नव्हता. तिला ओदालीच्या केसांचा वास होता.

“पुन्हा सांग. कशी गेली?”

“शंभरदा सांगितलं. तापानं. झोपेत, गुमान गेली.”

“गुमान? ओदाली? माझी पोर झोपेतसुद्धा भांडायची, मेल्या!”

“माझं घर पुन्हा बसतंय, तेच खुपतंय तुम्हाला. अख्खा गाव हसतोय.”

“हसू दे! माझ्या पोरीच्या उशीला तू का घाबरतोस, ते बोल!”

झुल्मानं मांडीवर उशी घेतली आणि सुरीनं टाका उसवला.

आधी वास आला. दाढीला बारीक हिरवी फुलं येतात, त्यांचा गोडसर वास. मग काळा दोरा भसाभसा बाहेर आला, कोरडा, मेलेला, तिनं भरला होता तसाच. आणि मधोमध, जिथं तोंड टेकतं तिथं, एक ओला राखाडी-हिरवा झुपका. जिवंत. त्यात तोंडाएवढा खळगा.

खळगा हळूच मिटला... उघडला... पुन्हा मिटला.

“वारा आहे...” एव्हारिस्त पुटपुटला.

भर दुपार होती. अंगणातल्या ओकवरच्या दाढ्या ओळंब्यासारख्या सरळ लोंबत होत्या. एक काडी हलत नव्हती.

“शिवून टाका... सासूबाई... पाया पडतो, शिवून टाका ती...”

झुल्मा रडली नाही. तापल्या पोराला उचलावं तशी तिनं ती उघडी उशी उचलली, पायरी उतरली आणि त्याच्या तोंडाशी धरली.

“ही हवेवर जगते, एव्हारिस्त, माझ्या पोरीचा श्वास तू हिच्यात दाबलास, तो पिऊन ही जगली, आणि आता हिला तुझा हवाय.”