नेव्ह जिथे श्वास घेतो

सिडनीजवळच्या पोर्ट केम्ब्लात पोलाद कारखान्याची तांबडी धूळ दोरीवरच्या कपड्यांना सोडत नसे आणि त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे सहासष्ट साली, तिथल्या पोरांना बँडचं वेड सोडत नव्हतं. रस्त्यारस्त्याला एखादी गाडी घराबाहेर उन्हात उभी असे, कारण तिच्या गॅरेजमध्ये चार-पाच जण कान किटवत बसलेले. 'गँट्रीमेन' हे त्यांतलेच. दिवसा कारखान्यात राबायचे आणि संध्याकाळी लेस टकवेलच्या वडिलांच्या गॅरेजात जमायचे. लेस गिटार वाजवी आणि बाकीच्यांवर दादागिरी करी. तसं बघितलं तर बँड यथातथाच, पण गाणारा नेव्ह प्रॉसर मात्र अस्सल होता. त्याचा आवाज जाड होता, त्याला किंचित चरा पडलेला होता, आणि तो कानावर पडला की चिप्स खाणारे हात थांबत.

नेव्हच्या मागे दुसरी गिटार घेऊन योप डेक्कर उभा असायचा. तो लहानपणी आईबापांबरोबर हॉलंडहून आलेला आणि परदेशातून आलेल्यांच्या छावणीतल्या पत्र्याच्या अर्धगोल खोल्यांत वाढलेला. बँडमध्ये सगळ्यांत देखणा तोच. आवाज मात्र पातळ, घोगरा, आणि त्यात अजून डच खरखर होती. सगळे मिळून ओरडायच्या ओळीतसुद्धा लेस त्याला तोंड उघडू देत नसे.

"डच्या, तू नुसता दिस," लेस म्हणायचा. "पोरी तुला बघायला येतात, ऐकायला नाही."

योप हसून सोडून द्यायचा. पण ते त्याला लागायचं. घरी जाताना त्याच त्या ओळी तो हलक्या आवाजात म्हणून बघायचा आणि स्वतःच्याच आवाजाची त्याला शिसारी यायची.

मग सरकारने सैन्यासाठी वाढदिवसांची सोडत काढली. पिंपात गोट्या घालायच्या, गोटीवरचा प्रत्येक आकडा म्हणजे एक जन्मतारीख, आणि ज्यांच्या तारखेची गोटी निघेल त्या पोरांनी वर्दी चढवायची. नेव्हची गोटी निघाली. जाण्याआधी त्यांनी रेडिओ स्टेशनच्या मागच्या खोलीत, एकाच मायक्रोफोनभोवती दाटीवाटीने उभं राहून, 'डोरीन' नावाचं गाणं घाईघाईने रेकॉर्ड केलं. तबकडी दुकानात आली तेव्हा नेव्ह डोकं भादरून कपूकाच्या छावणीत कवायत करत होता. आणि गाणं चाललं की! टीव्हीवाल्यांचं बोलावणं आलं.

आता टीव्हीवर कोणी खरंखुरं गात नसे. आत तबकडी लावायची आणि पोरांनी वायर न जोडलेल्या गिटारी बडवत ओठ हलवायचे. म्हणजे बँडला हवं होतं ते फक्त एक तोंड.

"डच्या, तुझं थोबाड कामी यायची वेळ आली," लेस म्हणाला.

"मला कुठे गाता येतं?"

"गायला कोण सांगतंय तुला? फक्त श्वास नेव्हचा घे. ओठ काय, कोणीही हलवतं. छाती चुकली की घरी बसलेल्या म्हातारीलासुद्धा कळतं. नेव्ह जिथे श्वास घेतो तिथेच घ्यायचा, समजलं?"

योपने ते भलतंच मनावर घेतलं. घरामागच्या धुण्याच्या खोलीत आरसा होता. तिथे तबकडी लावून तो तासन् तास उभा राहू लागला. दुसऱ्या कडव्याआधी नेव्हचा श्वास जरासा अडखळतो. 'डोरीन' म्हणण्याआधी तो नाकाने घेतो, तोंडाने नाही. शेवटच्या ओळीला छातीत काही उरलेलं नसतं, तरी तो ओढून नेतो. हे सगळं योपच्या अंगात इतकं मुरलं की कारखान्यात तापलेल्या पत्र्यांपुढे उभं असतानाही त्याची छाती त्याच तालावर वरखाली व्हायची. त्याची आई ग्रीट धुण्याची बादली घेऊन बाहेर ताटकळायची आणि डचमधून करवादायची, "अरे, चादरी कधी धुऊ मी? नाताळाला?"

पहिला कार्यक्रम छान झाला. दुसऱ्याच्या वेळी योपला वाटलं, आपला घसा थरथरतोय. त्याने कॉलरखाली बोट लावून पाहिलं. खरंच थरथरत होता.

"तू गात होतास का रे?" ड्रमवाल्याने नंतर विचारलं.

"नाही."

"मग मलाच भास झाला."

पुढच्या शनिवारी स्काउट हॉलमध्ये नाच होता. नेव्ह नाही म्हणून ते नुसतीच वाजवायची गाणी घेत होते. मधेच पोरं ओरडायला लागली, डोरीन, डोरीन! लेसने खांदे उडवले आणि सुरुवात केली. योप सवयीने मायक्रोफोनपुढे गेला, सवयीने श्वास घेतला आणि तोंड उघडलं. तोंडातून नेव्ह बाहेर पडला. तोच जाडपणा, तोच चरा. हॉलमधले पाय थांबले. योपला वाटलं, कोणीतरी मागे उभं राहून गातंय. तो वळून बघणारही होता, पण गाणं त्याच्याच छातीतून निघत होतं आणि त्याला थांबवावंसं वाटत नव्हतं. इतका आनंद त्याला आयुष्यात झाला नव्हता.

"कुठे लपवला होतास हा माल, हरामखोरा?" लेसने त्याला मिठीच मारली.

घरी त्याने आईला हाक मारली तेव्हा ती भांडी घासता घासता दचकली. तिने वळून त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"सर्दी झालीय," योप म्हणाला. पण सर्दी काही गेली नाही. तो घरी कमी बोलू लागला, मग नुसता मान हलवू लागला. बाप पाळीवर असायचा, त्याला पत्ता नव्हता. आई मात्र हल्ली त्याला कॉफी पाहुण्यांच्या कपातून द्यायला लागली होती. तिच्या ते लक्षातही आलं नसावं.

उन्हाळ्यात नेव्ह रजेवर आला. सोमवारी त्याला व्हिएतनामला पाठवायचं होतं. सगळे गॅरेजात जमले, बिअरच्या बाटल्या उघडल्या गेल्या, आणि रापलेला, वाळलेला नेव्ह दारात उभा राहिला.

"काय रे बेवड्यांनो," तो म्हणाला.

आवाज पातळ होता, घोगरा, आणि त्यात डच खरखर. सगळे पोट धरून हसले.

"अगदी डच्या! पुन्हा कर, पुन्हा कर!" लेसने टाळ्या पिटल्या.

"मी काहीच करत नाहीये," नेव्ह म्हणाला.

हसणं हळूहळू थांबलं. मग कोणी म्हणालं, ओरडून ओरडून घसा बसला असेल. कोणी म्हणालं, तिथली धूळ वाईट. लेसच्या टेपरेकॉर्डरवर योपने स्वतःला पूर्वी एकदा ऐकलं होतं. आपला आवाज त्याला पक्का ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी दोघे खडकातल्या पोहायच्या तळ्याशी बसले. समुद्र करडा होता आणि मागे डोंगराचा कडा ढगात बुडालेला. नेव्हने चिप्सचा पुडा उघडला आणि तसाच मांडीवर ठेवला.

"छावणीत विचारतात, तू कुठल्या देशाचा म्हणून," तो म्हणाला. "त्याचं काही नाही. पण आई... मीटर वाचायला माणूस आला की कसं बोलतात, तशी बोलते माझ्याशी. चहा देते. 'साखर किती?' म्हणून विचारते. काल मला माझ्याच खोलीचं दार दाखवलंन."

योपने एक खडा पाण्यात भिरकावला.

"तुझ्या आईचं नाव ग्रीट ना?" नेव्हने विचारलं.

"हो. मी सांगितलं असेल कधी."

"नाही सांगितलंस. आम्ही सगळे तिला मिसेस डेक्करच म्हणतो." नेव्हने एक चिप उचलली आणि परत ठेवली. "डच्या, शनिवारी सिडनीला जाऊ नकोस. ते टीव्हीवरचं ओठ हलवणं एकदा थांबवून बघ. कदाचित माझा आवाज परत येईल. मला असं जायचं नाहीये रे. तिकडे काही झालं तर शेवटी मी ओरडेन तेसुद्धा माझं नसेल."

सिडनीचा टीव्ही कार्यक्रम सगळा देश बघायचा. आयुष्यभर ज्याला तोंड मिटून उभं राहायला सांगितलं, त्याला आता तिथे तोंड उघडायचं होतं. योपला नेव्हची मनापासून दया आली, आणि तरीही तो म्हणाला, "एवढं एकदाच, नेव्ह. रविवारपासून बंद. देवाशपथ."

नेव्हने डोळे मिटून ते ऐकलं.

"किती छान आहे रे तो आवाज," तो म्हणाला. "आतून कधी कळलंच नव्हतं मला."

शनिवारी सिडनीत, भगभगीत दिव्यांखाली, दुसऱ्या कडव्यात आतल्या तबकडीवरची सुई उडाली. क्षणभर सगळं शांत झालं. गिटारी मुक्या, ड्रम मुका. योपचा आवाज तेवढा चालू राहिला, एकटा, स्वच्छ. मग सुई पुन्हा टेकली. आत तबकडी लावणाऱ्या माणसाला वाटलं, सुटलो बुवा. पण त्या शांततेत योपच्या घशात काहीतरी बसलं होतं, दाराची कडी आतून बसावी तसं.

रविवारी तो दिवसभर गप्प राहिला. सोमवारीही. नेव्हला घेऊन ट्रेन गेली. त्यानंतर योपने खोकून पाहिलं, गुळण्या केल्या, उशीत तोंड खुपसून ओरडून पाहिलं. प्रत्येक वेळी नेव्हच.

'डोरीन' सिडनीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तळाला आठवडाभर टिकलं आणि पडलं. एवढ्यासाठी.

पानगळीच्या दिवसांत लष्कराची गाडी प्रॉसरांच्या दारात उभी राहिली. नेव्ह एका रबराच्या मळ्यात मारला गेला होता. त्याच्याबरोबरचा एक सैनिक पुढे घरी भेटायला आला. तो म्हणाला, शेवटी आईला हाका मारत होता, पण कुठल्या भाषेत ते आम्हाला कळलं नाही.

एका रविवारी दुपारी मिसेस प्रॉसरने योपला बोलावून घेतलं. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. खुर्ची खिडकीकडे वळवून, पाठ करून बसली.

"तोंड दाखवू नकोस, बाळा. नुसतं बोल."

"काय बोलू, मिसेस प्रॉसर?"

तिचे खांदे हलायला लागले. बराच वेळ ती तशीच रडत राहिली.

"'आई, निघतो गं' म्हण," ती म्हणाली.

"आई, निघतो गं."

"जपून जा, नेव्ह. लवकर ये."

योप बाहेर पडला तो रडतच. रडणंही नेव्हचं होतं. आता त्याला एकच हवं होतं. घरी जायचं, आईच्या पायाशी बसायचं, आणि आवाज कुणाचाही असो, सगळं सांगून टाकायचं. ती आई होती. ती समजून घेईल.

रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. दोरीवर चादरी वाळत होत्या.

घराला वळसा घालून तो मागच्या दाराशी आला आणि थांबला.

आत आई बोलत होती. डचमधून, भराभर, हसत. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

"किती वाळलास रे! तिथे काही खायला घालत नव्हते की काय?"

धुण्याच्या खोलीतून पाण्याचा आवाज येत होता. त्यावरून उत्तर आलं, पातळ, घोगरं, खरखरतं.

"माम, सूप आहे का?"

"आहे, आहे. आधी ती माती धू अंगावरची."

योपने जाळीच्या दाराला हात लावला.

"माम," तो म्हणाला.

आतलं हसणं थांबलं. आई हात पुसत आली. जाळीपलीकडून तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, कपाळापासून बुटांपर्यंत. मग तिने दाराला आतून कडी घातली. उद्धटपणे नव्हे, हळूच.

"मुलगा आंघोळ करतो आहे," ती अडखळत्या इंग्रजीत, फार अदबीने म्हणाली. "कोण आलंय म्हणून सांगू त्याला?"