जागल

देवखेडात आता रात्री पीक राखायला कुणी जागलीला जात नसे. तुरीला शेंगा लगडल्या, हरभरा घाट्यावर आला, तरी अख्खं गाव जेवून-खाऊन बिनघोर आडवं होई. हे सुख गावाला मिळवून दिलं सरपंच देवमन इंगोल्यांनी, आणि ते ही गोष्ट कुणाला विसरूही देत नसत. त्यांच्या बापाची उभी हयात मचाणावर बसून, पत्रे बडवून हरणं हाकलण्यात गेली होती. देवमनरावांनी काही वर्षांपूर्वी बांधाबांधावर खांब रोवले, त्यांवर डबे बसवले, आणि संपली जागल!

डब्यावर नाव छापलं होतं 'भयगंध'. गाव त्याला भेवाचा डबा म्हणे. लांडग्याच्या आणि बिबट्याच्या अंगाला जो वास येतो, त्यातलं हरणाच्या काळजाचं पाणी करणारं नेमकं द्रव्य शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं होतं आणि कारखान्यात बनवलं होतं. विजेच्या तारेवर चालणारा डबा ते थोडं थोडं वाऱ्यावर सोडत राही. माणसाच्या नाकाला काही म्हणजे काही कळत नसे. काळवीट मात्र शेताच्या कडेला येई, मान ताठ करी आणि उभ्या उभ्या माघारी पळे.

गावाचं कसं झकास चाललं होतं. पीक वाचलं, घरातले उंदीर गेले. लेकरंसुद्धा काय गुणी निपजत होती! देवमनरावांच्या शेजारच्या पार्बताबाईचा नातू वर्षाचा झाला, पण त्याचं रडणं कधी गल्लीने ऐकलं नाही. एकच गोष्ट बिघडली होती. माळावरचा काळविटांचा कळप, जो एकेकाळी नजरेत मावत नसे, तो आटत आटत मूठभर उरला होता.

त्याचं कारण शोधायला वनखात्याने डॉ. यामिनी तांबट यांना पाठवलं. एवढ्या शिकलेल्या बाई, आणि दिवसभर वाकून वेचायच्या काय, तर हरणांच्या लेंड्या! देवमनराव सोबतीला म्हणून माळ तुडवत. सोबत कसली, पाळतच ती. बाईंनी डब्यांवर ठपका ठेवू नये, एवढाच त्यांचा मतलब.

"शिकार नाही, रोग नाही, चारा भरपूर आहे," यामिनीबाई म्हणाल्या. "माद्या गाभणही राहतात. पाडसं मात्र जगत नाहीत."

"लांडगे खात असतील."

"लांडगे इथून कधीच गेले, सरपंच. आता तुमचे डबेच तेवढे लांडगे."

देवमनराव चिडून काही बोलणार, तोच बाईंनी हात वर केला. समोरच्या गवतात एक हरणी उभी होती. कास दुधाने तटतटलेली. ती घशातून हलकासा आवाज काढी, थांबे, दचकून वाऱ्याकडे पाही, पुन्हा आवाज काढी. आणि या दोघांच्या पुढ्यातच, गवतात अंग चोरून, तिचं पाडस पडलं होतं. डोळे टक्क उघडे. आईने कितीदा साद घातली, पण त्याने कानसुद्धा हलवला नाही. अखेर हरणीचा धीर सुटला आणि ती टेकाडापलीकडे पळून गेली.

"मेलं का हो?"

"जिवंत आहे. उपाशी आहे."

"मंग उठत काहून नाही? माय तर इथंच होती!" देवमनरावांचा आवाज चढला. हरणांचा त्यांना मुळीच कळवळा नव्हता, पण हे त्यांना पाहवेना.

यामिनीबाई खाली बसल्या. "हरणाची आई पिलाला गवतात लपवते आणि दूध पाजायला येते. शत्रू जवळ असला की पिलाने हूं की चूं करायचं नाही, आई आली की उठायचं. इथे आईचे गाभणपणाचे सगळे दिवस भीतीत गेले. भ्यालेल्या शरीरात एक रसायन सुटतं, ते रक्तातून पोटातल्या जिवाला पोचतं आणि त्याच्या मेंदूची घडणच बदलतं. बाहेर सगळीकडे मरण आहे, आवाज करू नकोस, हे पिलू पोटातच शिकून येतं. मग ते आई आली तरी उठत नाही. गप्प राहून राहून मरतं."

"डबे बंद केले तर?"

"पुढची पिलं वाचतील. ज्याचा मेंदू असा घडून गेला, त्याचं सांगता येत नाही."

देवमनरावांनी पाडसाकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांसमोर पार्बताबाईचा नातू आला. मग त्यांची सून ईश्वरी आली. तिचं पहिलं पोटातच गेलं होतं, आणि आता हे दुसरं, आठवा महिना.

"मॅडम, माणसाले होते का हे?"

"कुणी तपासलंच नाही. माणसाला वास येत नाही, म्हणून निर्धोक ठरवून मोकळे झाले."

"पण डबे शेतात हायत. घरात नाईत," ते घाईघाईने म्हणाले.

"तेच कोडं आहे. तुलनेला न भ्यालेलं जनावर म्हणून मी तुमच्या गोठ्यातल्या शेळ्यांच्या लेंड्या तपासल्या. त्यांच्यात भीतीचं रसायन हरणांपेक्षा जास्त निघालं. चला, मला तुमचं घर दाखवा."

पाडसाला उपरण्यात गुंडाळून दोघं घरी आली. देवमनरावांच्या बायकोचं, कौतिकाबाईंचं, सारवण नुकतंच आटोपलं होतं. ओसरी ओलीच होती. पाडस बघून त्यांना पान्हाच फुटायचा बाकी राहिला. त्या दूध आणायला वळल्या, तेवढ्यात यामिनीबाईंनी विचारलं, "तुमच्या अंगणात भेवाचा डबा आहे का हो?"

"डबा कायले पाहिजे?" कौतिकाबाई हसल्या. "डब्यात भरून उरलेलं औषध काय फेकून द्यायचं? सड्यात एक झाकण, सारवणात एक झाकण. उंदीर नाही की साप नाही. माझं पाहून साऱ्या गावानं उचललं, मॅडम."

त्यांच्या मागे ईश्वरी ओल्या भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"ऊठ!" देवमनराव असे ओरडले की शेळ्या दाव्याला हिसके देऊ लागल्या. "ईश्वरी, ऊठ तिथून! ऊठ म्हणतो ना!"

त्याच दिवशी त्यांनी सुनेला माहेरी, तालुक्याला, पोचवलं. कौतिकाबाईंनी रडत रडत ओसरी खरवडून काढली. दुसऱ्या दिवशी देवमनरावांनी डब्यांच्या तारा तोडायला घेतल्या, तेव्हा लोक खांबांना आडवे आले.

"सुनेचे डोहाळे तुमच्या घरी आणि तूर आमची जाणार काय?"

"भरपाई माह्या वावरातून घ्या," देवमनराव म्हणाले, "पण आडवं कोणी येऊ नका." तोंडावर शिव्या खाल्ल्या, सरपंचकी गेल्यात जमा झाली, पण एकही डबा चालू ठेवला नाही. पुढे स्वतःच्या तुरीत खुरांचे ठसे आणि खुडलेले शेंडे दिसले, तेव्हा या माणसाला जन्मात पहिल्यांदा नुकसान बघून बरं वाटलं. पाडस तर चार दिवसांतच गेलं होतं. बाटली तोंडाशी धरली की प्यायचं, पण मागायचं कधीच नाही; रात्री ते भुकेलं, हे कुणाला कळलंच नाही.

ईश्वरीला कळा सुरू झाल्या तेव्हा दवाखान्याच्या दाराशी देवमनराव, कौतिकाबाई आणि यामिनीबाई बसले होते. आतून ईश्वरीच्या ओरडण्याचे आवाज येत होते. मग ते थांबले. देवमनराव उठून दाराला कान लावून उभे राहिले. रड, ते मनात म्हणत होते. रड रे बाळा, एकदा रड, दवाखाना डोक्यावर घे.

दार उघडलं. नर्स हसत होती. "मुलगी झाली. वजन चांगलं, श्वास चांगला, दृष्ट लागण्यासारखी आहे."

"रडली?"

"तळपायाला टिचक्या मारल्या, तरी नाही. काळजी नका करू, काही बाळं शांत असतात."

देवमनराव पाळण्यावर वाकले. नात जागी होती. कोपऱ्यात कुणाच्या हातून ताट पडलं, ते घणघणलं. पोर दचकली नाही. तिचं अंग तेवढं ताठ झालं, हात छातीशी आले, श्वास क्षणभर थांबला आणि डोळे टक्क उघडे राहिले. हे डोळे त्यांनी माळावरच्या गवतात पाहिले होते. त्यांनी यामिनीबाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली.

दुपारी पार्बताबाई बाळंतिणीला भेटायला आल्या. त्यांनी पोरीवरून कडाकडा बोटं मोडली. "नशीब काढलं गं, ईश्वरी! आमच्या नातवासारखीच गुणी हाय. बिलकूल त्रास द्यायची नाही."

त्या गेल्यावर ईश्वरी कुशीवर वळली. झोपेने तिचे डोळे मिटत होते आणि ती बळेबळे उघडत होती.

"मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली, "हिले भूक लागली, तर मले समजंल कसं?"

देवमनरावांनी स्टूल ओढलं आणि पाळण्याला लावून ठेवलं.

"तू झोप, माय," ते म्हणाले. "मी बसतो जागलीले."