हात तिचा, सही नवऱ्याची

हात तिचा होता, आणि डॉक्टर, तुम्ही विचारलंत तिच्या नवऱ्याला! ती पडद्याआड गाऊनच्या नाड्या बांधत होती, तेवढ्या दोन मिनिटांत बाहेर उभ्या उभ्या तुम्ही तिच्या उजव्या काखेचा निकाल लावून टाकलात... ‘सगळ्या गाठी काढून टाकू, डोक्याला ताप नको,’ म्हणालात, आणि त्या भाबड्यानं सही ठोकली!

त्यांच्या शिवणकामाच्या दुकानात सगळे तिला मास्तरीण म्हणत. कापड ती बेतायची, कापायची; मशीनवर नवरा. बावीस वर्षं हाच संसार. सहा महिन्यांच्या किमोनं केस गेले, नखं काळवंडली, पण स्तनातली गाठ विरली आणि काखेत पसरलेलंही तपासणीत दिसेनासं झालं. काखेतल्या मोजक्या लसिकाग्रंथी, म्हणजे तुम्ही म्हणालात त्या गाठी, काढून तपासायच्या, स्वच्छ निघाल्या तर बाकीच्या राहू द्यायच्या, असाही मार्ग असतो, हे तिला आज कळलं, तेही रक्त घ्यायला आलेल्या सिस्टरकडून. सगळ्या काढल्या तर हात जन्मभर सुजायचा धोका जास्त, हेही सिस्टरच बोलली.

ती संमतीचा कागद घेऊन नवऱ्यासमोर उभी राहिली.

“कुणाला विचारून सही केलीत?”

“अगं, तुझा जीव वाचावा म्हणून! माझ्या आईचं दुखणं कसं उलटलं, विसरलीस? हात सुजला तर सुजू दे. कापायचं मी बघेन.”

“तुम्ही? परवा दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्यात!”

“शिकतोय गं...” त्यानं तळवा लपवायला मूठ मिटली, पण अंगठ्याच्या मुळाशी कात्रीनं आलेला टपोरा फोड तिला दिसलाच.

हा वेडा माणूस तिच्यापायी सर्वस्व उधळायला निघाला होता... पण उधळत होता तो हात तिचा!

“माझ्यासाठी हवं तेवढं झिजा,” तिचा आवाज फाटला, “पण माझ्याऐवजी बोलू नका हो!”

तो मटकन बाकावर बसला. डोळे घळाघळा वाहू लागले. “चुकलो गं. तुझ्याशिवायचं दुकान डोळ्यांसमोर आलं आणि हातपायच गळाले... आता तूच ठरव.”

“मला नाही वाटत भीती? रोग सापडला तर सगळ्या काढा म्हणेन, हूं की चूं करणार नाही. पण आधी बघा तरी!”

त्याच पावली दोघं तुमच्या खोलीत आली. “मिस्टरांशी बोलणं झालंय माझं,” तुम्ही मान वर न करताच म्हणालात.

“साहेब, ती सही खोडा,” नवरा हात जोडून म्हणाला. “हिच्याशी बोला.”

तिनं कागद तुमच्या टेबलावर आपटला.

“काखेत रोग उरलाय हे तुम्हाला दिसलंय, की न बघताच सगळं उपटणार आहात? यांच्याकडे कशाला बघताय, डॉक्टर? मी विचारतेय... मला सांगा!”